विटेतला हात

दुसऱ्या वेशीतून आत आल्यावर मी माणसे मोजली, तेव्हा ती बारा भरली. निघताना अकरा होती.

माणूस कमी भरला तर त्यात नवल नसते. जुन्या शहराच्या गल्ल्या अशा आहेत की कुणी बुटाची नाडी बांधायला वाकला, तर तो मान वर करेपर्यंत पुढचे वळणाआड गेलेले असतात. गाईड झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत मी किती तरी वेळा मागे फिरून हरवलेली माणसे हुडकून आणली आहेत. त्याआधी चाळीस वर्षे शाळेच्या सहलींत मुले हुडकली. पण एक जास्त मला कधी मिळाला नव्हता. माझी मोजायची रीत जुनी आहे. हात खिशात ठेवायचा आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवायचा, करंगळीच्या तळापासून. सर मोजत आहेत हे मुलांना कळता कामा नये. कळले की दोघे तरी हमखास खांबाआड लपतात. अकरा म्हणजे तर्जनीचे मधले पेर. आज अंगठा तर्जनीच्या टोकाला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला.

तोंडाने माझे वेशीबद्दलचे वाक्य चालूच होते. सूर्यास्ताला दार बंद होई आणि जो बाहेर राही तो सकाळपर्यंत बाहेर, मग तो घरमालक असो की घरजावई. इथे लोक हसतात. आजही हसले. मी न हसणारा शोधत होतो, आणि तो सापडला. नवपरिणीत जोडप्याच्या मागे, भिंतीला पाठ लावून, राखाडी टोपी घातलेला एक साठीचा माणूस. हात कोटाच्या खिशात. मी वेशीकडे बोट दाखवत होतो आणि तो माझ्याकडे पाहत होता. मग मी त्याचे पाय पाहिले. सगळे रबरी तळाचे, मऊ, चालायचे बूट घालून येतात. या फरसबंदीवर दुसरे काही टिकत नाही. त्याच्या पायांत काळे, पॉलिश केलेले, नाडीचे बूट होते. ऑफिसचे बूट.

गेल्या महिन्यात घोगऱ्याचा बिल्ला गेला. घोगऱ्या म्हणजे माझ्या आधीपासून इथे फेऱ्या काढणारा गाईड. तीस वर्षे उघड्या चौकांत ओरडून त्याचा आवाज बसला तो कायमचा. परवाने देणाऱ्या कार्यालयाने साध्या वेषातला माणूस पाठवला, तो पर्यटकासारखा शेवटपर्यंत फिरला, आणि आठवड्याने पत्र आले की आपण माहितीपुस्तिकेत नसलेला मजकूर वारंवार सांगता, सबब परवाना रद्द. घोगऱ्याने भुयार सांगितले होते. राणी त्या भुयारातून पळाली, वगैरे. "अहो मास्तर," तो मला म्हणाला होता, "भुयार नसलेलं जुनं गाव तुम्ही पाहिलंय का? लोक भुयारासाठीच येतात. नाही म्हटलं तर तोंडं पडतात त्यांची." मी म्हणालो, "पण भुयार नाहीये ना." त्यावर त्याने माझ्या बिल्ल्याकडे पाहिले. "तुमचं बरंय. तुमचा हात आहे." असे म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या त्या बोलण्यात काय होते ते मी महिनाभर उलटसुलट करून पाहत होतो. त्याला ठाऊक होते का? ठाऊक असेल तर त्याने आणखी कुणाला सांगितले? बिल्ला गेलेला माणूस कार्यालयात गेल्यावर, स्वतःला वाचवण्यासाठी, दुसऱ्याकडे बोट दाखवणार नाही कशावरून?

तटाच्या आत बिल्ल्याशिवाय चार माणसांपुढे उभे राहून बोलता येत नाही. पहारेकरी येतो आणि नम्रपणे बाहेर काढतो. बिल्ला गेला तर मी या गल्ल्यांतून चालू शकेन, भाजी आणायला जाऊ शकेन; बोलू शकणार नाही. आणि मला दुसरे काही येत नाही. निवृत्त झाल्यानंतरचे पहिले सहा महिने मी घरात कसा होतो ते बायको अजून पाहुण्यांना सांगते. आज सकाळीही तिने सुरू केले. मी बिल्ला शर्टाला लावत होतो आणि टाचणी नीट बसत नव्हती. "द्या इकडे," ती म्हणाली. "इतकं काय आहे? तुम्ही रोज येणाऱ्या दूधवाल्याला दुधाचा इतिहास सांगितला होता, तेव्हापासून तो मेला पिशवी दारावर अडकवून पळतो. काढून घेतला बिल्ला तर मी बसते तुमच्यासमोर. रोज एक तास. पण प्रश्न विचारणार नाही हां, तुम्हाला उत्तर द्यायचा रोग आहे." मी म्हणालो, "माहीत असेल तर द्यावं माणसानं." ती म्हणाली, "आणि नसेल तर?" टाचणी लावून ती आत गेली. तिला तरी कुठे सांगितले होते मी. एकतीस वर्षांत बायकोलाही नाही.

पायऱ्यांच्या गल्लीत आम्ही चढू लागलो. मी पुढे, माझ्या कोपराशी एक आठेक वर्षांची मुलगी, मागे तिचा मामा, त्याच्या हातात मुलीची टोपी, मुलीची पाण्याची बाटली, मुलीचा अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मुलगी दर दहा पायऱ्यांनी विचारत होती, "हात कधी येणार?" मामा दर वेळी म्हणत होता, "येईल गं, तो काही पळून जाणार आहे का?" आणि एकदा मला म्हणाला, "सर, ही फक्त त्या हातासाठी आलीय. तुमचा तट, तुमचा बुरूज, सगळं हिच्या दृष्टीनं जाहिरात." एरवी मी हसलो असतो. अशा मुलाला घेऊन चालणे यासारखे सुख नाही. प्रश्न विचारणारे मूल म्हणजे दिव्याची पेटती वात. पण मला मागून त्या बुटांचा आवाज येत होता. टाच दगडावर आपटते तो कोरडा आवाज, बाकीच्या मऊ पावलांतून वेगळा, माझ्यापासून सहा पायऱ्या खाली, मी थांबलो की थांबणारा. मी पायऱ्यांची माहिती दिली. पुस्तिकेत आहे तेवढीच, पुस्तिकेत आहे त्याच क्रमाने. चार वेळा डागडुजी, त्यांपैकी दोनदा आगीनंतर. जोडप्यातल्या नवऱ्याने जांभई दिली. फक्त छत्रीवाल्या बाईंनी मान डोलावली. त्या पहिल्यापासूनच प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. गल्लीत ऊन पोचत नव्हते, आभाळात ढग नव्हते, तरी हातात मिटलेली छत्री. ती टेकत त्या अगदी पुढच्या रांगेत उभ्या राहत, आणि मला त्यांच्याकडे पाहून बोलायला बरे वाटत होते. वर्गात असे एक डोके लागते, ज्याच्याकडे पाहून शिक्षक बोलत राहतो.

कासाराच्या बोळात आलो तेव्हा माझ्या लक्षात आले, मी आज लोहाराच्या कुत्र्याची गोष्ट गाळली. तोफेचा गोळा अडकलेली खिडकी दाखवली, पण गोळा तिथे अडकला तेव्हा खाली जेवायला बसलेल्या माणसाने काय म्हटले ते गाळले. म्हणजे हेही पुस्तिकेत नाही हे मला आतून ठाऊक होते. एकेक गोष्ट गाळताना मला तिचे मूळ आठवत होते: ही घोगऱ्याकडून, ही जुन्या पहारेकऱ्याकडून, ही एका पर्यटकानेच मला सांगितलेली. गाळत गेल्यावर शहर फार लहान झाले. भिंत, भिंत, सनावळी, भिंत. आणि पुढच्या वळणावर ती वीट होती, जिचे मूळ मी स्वतः होतो.

एकतीस वर्षांपूर्वी मी चौथीचा वर्ग घेऊन इथे आलो होतो. वर्गात एक मुलगी होती, तिला मुले मुकी म्हणत. ती मुकी नव्हती. तिचे वडील कामासाठी दूर कुठे गेले होते, आणि पत्र यायचे बंद झाल्यापासून ती बोलायची बंद झाली होती. पाच आठवडे. पट वाचताना ती नुसता हात वर करी. मी सगळे करून पाहिले होते, गाणी, कोडी, रागावणे, न रागावणे. त्या दिवशी बाकीची मुले बुरुजाच्या पायथ्याशी दंगा करत होती आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. जवळ गेलो तर ती एका विटेकडे पाहत होती. तिच्या छातीच्या उंचीवर, इतर विटांसारखीच एक वीट, तिच्यात एक खोलगट खूण. ओल्या मातीवर काही तरी दाबले गेले होते. ती म्हणाली, "सर, हा हात कुणाचा?" तिचा आवाज मी विसरलो होतो. थोडा घसा साफ न केल्यासारखा. आता सांगा, त्या मुलीला 'मला माहीत नाही' म्हणायचे? पाच आठवड्यांनी तिने जगाला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला? मी खाली बसलो आणि सांगू लागलो, आणि मला सांगताना कळत गेले. वीटभट्टीवाल्याची एक मुलगी होती, तुझ्याएवढी. वडील इथे तट बांधायला आले आणि ती तिकडे भट्टीवर राहिली. गाड्या विटा घेऊन जायच्या, पण मुलांना गाडीवर बसू देत नसत. मग एके दिवशी तिने काय केले, एका ओल्या विटेवर आपला हात दाबला आणि ती वीट गाडीत जाऊ दिली. शेकडो गाड्या, हजारो विटा. पण वडिलांच्या हाती ती बरोबर आली. त्यांनी ओळखला हात. आणि त्यांनी ती वीट वर नाही लावली, खाली लावली, तिच्या उंचीला, म्हणजे ती कधी आली तर तिचा हात पोचेल. मुकीने सगळे ऐकून घेतले. मग तिने आपला हात त्या खुणेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पट वाचताना ती "हजर" म्हणाली. वर्षअखेरीला ती आईबरोबर दुसऱ्या गावी गेली. जाताना शाळेच्या फाटकाशी तिने माझ्याकडे वळून पाहिले, ते असे की जणू तिनेच माझ्यावर काही उपकार केले होते. तिचा गोष्टीवर विश्वास बसला होता की तिने मला नुसते सांभाळून घेतले होते, हे मला आजतागायत समजलेले नाही.

एका मुलीसाठी केलेली गोष्ट एका मुलीपुरती राहायला हवी होती. पण पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती मागितली. मोठ्या भावंडांकडून त्यांनी ऐकली होती. मी सांगितली. तिसऱ्या वर्षी चौकाच्या पलीकडून घोगऱ्या आपल्या लोकांना तीच सांगताना मी ऐकला, तेव्हा त्याचा आवाज चांगला होता. त्याच्या गोष्टीत मुलगी शेवटी मरत होती. मला वाईट वाटले आणि, खोटे कशाला बोलू, छानही वाटले. नंतर कुणीही विचारत नसे की हे कुठे लिहिले आहे. मीही नाही.

विटेपाशी आम्ही पोचलो. राखाडी टोपी आज पहिल्यांदाच पुढे सरकली. तो मुलीच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने एक हात खिशातून काढला. आता वही निघेल, मी मनात म्हटले. वही निघाली नाही, पण तो ज्या तऱ्हेने ओठ मिटून उभा होता त्यावरून मला खात्री पटली की तो पाठ करतो आहे. लिहून घेणारा माणूस बरा. पाठ करणाऱ्यापासून सुटका नाही. मुलीने मामाच्या हातातली टोपी घेऊन डोक्यावर घातली, समारंभाला घालावी तशी. सगळे वाट पाहत होते. माझ्या डोक्यात दोनच वाटा होत्या. गोष्ट सांगितली तर पुस्तिकेबाहेरचा मजकूर, बिल्ला गेला. न सांगता पुढे गेलो तर ही मुलगी मला जाऊ देणार नाही, आणि तो माणूस ऐकणार की इथे सांगायची एक गोष्ट असते. तिसरी वाट मला अचानक दिसली आणि ती इतकी सोपी होती की मला हायसे वाटले. खरे सांगायचे. खऱ्याबद्दल कुठले कार्यालय परवाना रद्द करील?

"ही वीट तटाच्या दुसऱ्या टप्प्यातली आहे," मी म्हणालो. "तिच्यावर एक ठसा आहे. या ठशाची एक गोष्ट सांगतात, तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल, वीटभट्टीवाल्याच्या मुलीची. ती खरी नाही. ती मी बनवली. एकतीस वर्षांपूर्वी, इथेच उभं राहून."

मग मामा हसला. "सर, तुम्ही पण ना. एवढ्या गंभीर चेहऱ्यानं."

"चेष्टा नाही करत."

"खोटं आहे हे," मुलगी म्हणाली. ती मामाला नव्हती म्हणत, मला म्हणत होती. "आमच्या बाईंनी सांगितलंय. आमच्या बाईंना त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं."

"त्यांच्या बाईंना मी सांगितलं असेल."

"तुम्ही कोण पण?" मुलगी म्हणाली, आणि जोडप्यातली बायको फस्सकन हसली. मुलीने हात पुढे करून विटेवर ठेवला. "हे बघा. पाच बोटं आहेत. बसतोय माझा हात. खोटं असतं तर बसला असता का?"

मी वाकून पाहिले. कित्येक वर्षांत मी त्या विटेकडे पाहिले नव्हते. मी नेहमी मुलांच्या तोंडांकडे पाहत असे. ठसा स्वच्छ होता. पाच बोटे, तळवा, अंगठ्याच्या मुळाशी फुगवटा. कडा गुळगुळीत आणि चकचकीत, जुन्या जिन्याच्या कठड्यासारख्या. असा होता तो तेव्हा? मला तर आठवत होती एक खोलगट, वाकडी खूण, कुणी कोपर टेकवले असेल, किंवा जनावराचा पाय पडला असेल, तीन चर असतील नसतील. मुकी हात म्हणाली म्हणून मी हात पाहिला. त्यानंतर एकतीस वर्षे, रोज वीस-पंचवीस मुलांनी तिथे पाच बोटे दाबली होती. भाजलेली माती इतकी झिजते? झिजत असेल. दगडी पायऱ्या झिजतात. म्हणजे हा हात माझ्या गोष्टीनंतरचा होता. किंवा तो पहिल्यापासून असाच होता आणि माझी आठवण झिजली होती. दोन्हींपैकी काय, हे सांगू शकेल अशी जगात एकटी मुकी, ती आता चाळिशीची असेल आणि तिचा पत्ता माझ्याकडे नाही. मी म्हणालो, "पाच मिनिटं विश्रांती. पुढे हौदाच्या कट्ट्यावर सावली आहे."

राखाडी टोपी माझ्यामागोमाग आलीच. तो कट्ट्यावर माझ्या शेजारी बसला, इतका जवळ की मला त्याच्या बुटांच्या पॉलिशचा वास आला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्ही मला ओळखलंत ना? मघाशीच ओळखलंत. मोजलंत तेव्हा."

"ओळखलं."

"मग बोलला का नाहीत? मी मेल्याहून मेल्यासारखा चालतोय." त्याने टोपी काढली. "फुकट ऐकतोय मी. आज चौथा दिवस. आधीचे तीन दिवस दुसऱ्यांबरोबर होतो. काय आहे, गेल्या महिन्यात निवृत्त झालो. त्या बुरुजामागंच राहतो, चाळीस वर्षं. आता घरी बसलं की बायको म्हणते, पायात पाय येतो तुमचा. म्हणून सवयीनं बूट घालून नऊला बाहेर पडतो आणि कुणाच्या तरी मागं लागतो. चाळीस वर्षं इथून गेलो-आलो, मान वर करून पाहिलं नाही हो काही." मग म्हणाला, "ते विटेचं मात्र तुम्ही आज काढून घ्यायला नको होतं. माझ्या नातीला सांगितलं होतं मी काल फोनवर."

मला त्याच्यावर राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, आणि त्यातही मी त्याचे बोलणे तपासत होतो: चौथा दिवस, बुरुजामागे, नात, इतके सगळे सांगतो तो खरे सांगतो का? शोधणारा माणूस असाच बोलणार नाही का? तेवढ्यात छत्रीचे टोक माझ्या पायाशी टेकले. "जरा बाजूला येता, सर?" छत्रीवाल्या बाई म्हणाल्या. हौदाच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी पर्समधून कार्यालयाचे ओळखपत्र काढून मला दाखवले आणि लगेच आत ठेवले, जणू त्यांनाच त्याची लाज वाटत होती. चाळीस वर्षे मी वर्गात मान डोलावणाऱ्या मुलांना फळ्यापाशी बोलावून उघडे पाडले होते. आज त्यातल्याच एका मानेकडे पाहून बोललो होतो.

"तुमची फेरी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "सगळं पुस्तिकेप्रमाणे. थोडं कोरडं, पण ते माझं काम नाही. फक्त एक जागा अडली." त्यांनी पुस्तिका उघडून माझ्यासमोर धरली. वेशीचे तेच चित्र, तोच निळा कागद, पण आतली अक्षरे नवी. पान एकेचाळीस. बुरुजाच्या पायथ्याशी असलेली वीट. वीटभट्टीवाल्याच्या कन्येने ओल्या विटेवर हात उमटवून ती पित्याकडे पाठवली व पित्याने ती तिच्या उंचीवर बसवली, अशी कथा आहे. खाली बारीक अक्षरांत आधार: स्थानिक परंपरा.

"नवी आवृत्ती तुम्हाला पाठवली होती," बाई म्हणाल्या.

आली होती. वरचे तेच चित्र पाहून मी ती न उघडता खणात टाकली होती. मुलांना जन्मभर सांगत आलो, धडा पाठ असला तरी पुस्तक उघडा. "स्थानिक परंपरा म्हणजे मी," मी म्हणालो.

"असं कसं?"

"म्हणजे तसंच. ही परंपरा आत्ता तुमच्यासमोर उभी आहे. तिला गुडघेदुखी आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांना हसता येत नव्हते असे नाही. त्या थकल्या होत्या. "सर, यापूर्वी तीन गाईडनी मला सांगितलंय की अमुक गोष्ट आपलीच. एकानं तर वेस त्याच्या आजोबांनी बांधली म्हणून सांगितलं. तुमच्याकडं काही आहे का? लिहिलेलं, कुणी साक्षीदार?"

"एक मुलगी होती."

"कुठं आहे?"

मला वाटू लागले होते की बाईंचा संशय बरोबर असेल. मी खरेच ती गोष्ट बनवली होती का? की लहानपणी कुठे तरी ऐकली होती, आईकडून, एखाद्या वाटसरूकडून, आणि त्या दिवशी ती आपसूक वर आली आणि मला वाटले माझी? सांगताना मला ती कळत गेली होती, हे तर मला पक्के आठवत होते. पण ऐकलेले आठवतानाही तसेच वाटते.

"मी अहवालात नोंदीचा विपर्यास असं लिहिलं तर तुम्हाला पत्र येईल," त्या म्हणाल्या. "घोगरा आवाज होता त्यांना आलं तसं. मला ते नकोय. तुम्ही परत जा, मघाशी चेष्टा केली म्हणा, गोष्ट पुस्तिकेप्रमाणे सांगा. लोकही खूश होतील. मी मघाचं ऐकलंच नाही."

किती सरळ होते. मुलीला गोष्ट हवी होती. मामाला, जोडप्याला, कार्यालयाला, फुकट ऐकणाऱ्याच्या नातीला, सगळ्यांना ती हवी होती, आणि तीच सांगितल्याने माझा बिल्ला राहणार होता. नको होती फक्त मला, आणि तीही आजच का नको व्हावी? मी परत गेलो. मुलगी हौदावर आलीच नव्हती. विटेपाशीच उभी होती, आणि मामा थोडा दूर बिस्किटे संपवत होता. बाई माझ्यामागे, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. "बरं," ती विटेला म्हणाली. "तुम्ही बनवली. मग हा हात कुणाचा?"

तोच प्रश्न, त्याच जागी, तेवढ्याच उंचीवरून. पण ही मुलगी मुकी नव्हती. हिचे काही हरवले नव्हते. हिला फक्त माहिती हवी होती. हिला मी माझ्या मुकीची गोष्ट का द्यावी? माझ्या जिभेवर वीटभट्टीवाल्याची मुलगी तयार होती, गाडीची चाके तयार होती. बाईंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

एकोणसत्तराव्या वर्षी हे वाक्य मी एका मुलापुढे पहिल्यांदा बोललो. मुलीने आता वळून पाहिले. माझ्या चेहऱ्यात ती काही तरी शोधत होती. बहुतेक मी पुन्हा फसवतो आहे का ते. मग तिने टोपी काढून खिशात कोंबली आणि नाक विटेला लागेपर्यंत पुढे झाली. "ह्या बोटात माती वेगळी आहे," ती म्हणाली. "काळी."

"आहे खरी."

"का?"

"तेही माहीत नाही."

"सर," मागून बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणालो.

फेरीचा एकच थांबा उरला होता, तराजूघर. जुन्या बाजारात माल तोलून घ्यायची इमारत, चौकाच्या कडेला. पुस्तिकेत आहे आणि मीही हजारदा सांगितले आहे की खोटे वजन वापरणाऱ्या व्यापाऱ्याचा कान या दाराला खिळ्याने ठोकत. मुले हा भाग श्वास रोखून ऐकतात. आम्ही तिच्यापुढे उभे राहिलो, बाराही जण; फुकट ऐकणारा आता उघडपणे पुढच्या रांगेत होता. मी तोंड उघडले आणि कानाच्या गोष्टीशी येऊन थांबलो. कुणी सांगितले हे पहिल्यांदा? कुठल्या दमलेल्या माणसाने, कुठल्या दंगेखोर पोराला, ते गप्प बसावे म्हणून? मागे वळून पाहिले तर सगळी गल्ली तशीच उभी होती, वेस, पायऱ्या, गोळा अडकलेली खिडकी, आणि प्रत्येक दगडामागे मला कुणी तरी माझ्यासारखे वाकून बसलेले दिसू लागले, समोर एक मूल, आणि त्याचा प्रश्न.

लोक वाट पाहत होते. बाईंच्या हातात आता वही होती.

"ही इमारत आहे," मी म्हणालो. "हिला एक दार आहे. दाराला बारा खिळे आहेत, मोजून बघा. त्यांतले दोन इतरांपेक्षा मोठे आहेत. एवढं मला दिसतं."

"इतकंच?" जोडप्यातला नवरा म्हणाला.

"तीन मोठे आहेत," मुलगी दारापाशी जाऊन म्हणाली.

मी पुढे झालो आणि तिच्या शेजारी उभा राहून मोजू लागलो. मागे पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज आला, पण ती पुढे चालल्याचा आवाज काही आला नाही.